बोटभर अंतर ठेवणारी आत्या

समजा, तुमच्यासमोर कॉम्प्युटरचा उघडा डबा आहे. मदरबोर्ड बसला, प्रोसेसरवर पंखा बसला, ग्राफिक्स कार्ड खाचेत बसलं. आता हातात उरल्या वायरी, आणि सगळ्या हव्या त्यापेक्षा वीतभर लांब. काय कराल? बहुतेक माझ्या आत्यानं केलं तेच. नीट घड्या घालाल, पट्ट्या आवळाल आणि नजरेआड कोंबाल.

आत्यानं सव्वीस वर्षं कोट शिवले. अस्तर असं लावायची, की कोट उलटा घालून गेलं तरी चाललं असतं. पुढे खांदा दुखायला लागला, तेव्हा शिवणकाम बंद करून ती तिच्या दादाच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, कॉम्प्युटरच्या दुकानात काउंटरवर बसू लागली. लक्ष मात्र सगळं मागच्या जुळणीच्या टेबलाकडे. शेवटी वडील वैतागून म्हणाले, एक मशीन पूर्ण तुझ्या हातानं जोड. बिनतक्रार गेलं तर टेबल तुझं, नाहीतर काउंटर बरा आणि तू बरी.

ते मशीन एका आर्किटेक्ट बाईंचं होतं. इमारतींची चित्रं तयार करायला तासन्‌तास सलग चालणारं. आत्यानं दोन दिवस घेतले. डब्याच्या एका बाजूला काच होती, तिच्यातून एकही वायर दिसत नव्हती. वडिलांनी कौतुकानं शेजारच्या चष्मेवाल्याला बोलावलं. तो बराच वेळ डोकावून म्हणाला, आत काही बसवलंय, की नुसतं खोकंच विकताय?

मग पूर्ण भार देऊन चार तासांची चाचणी झाली. पडद्यावरचे आकडे बघून वडील खूश. आत्याचा आकड्यांवर भरवसा नाही. इस्त्री किती तापली हे ती जन्मभर हातानं ओळखत आलेली. तिनं मशीन बंद केलं, झाकण काढलं आणि दडवलेल्या वायरींवरून बोट फिरवलं. एका जागी बोट चिकटलं. जादा वायरीची घडी तिनं ग्राफिक्स कार्डाच्या धातूच्या पाठीला टेकवून, वरच्या अंधाऱ्या फटीत बसवली होती. कोटाची शिवण अस्तराखाली दडवावी तशी. पण कोट तापत नाही. इथं वायरीवरचं प्लास्टिक मऊ पडलं होतं आणि आवळलेली पट्टी त्यात रुतली होती.

साडेचार वाजले होते. बाई पाचला येणार होत्या. वडील म्हणाले, चाचणी पास झालीय, लाव ते झाकण. लावलं असतं तर टेबल त्याच संध्याकाळी तिचं झालं असतं.

आत्यानं कात्री उचलली. "दादा, चार तासांत ही गत. त्यांच्याकडे हे दिवसभर तापणार. आतली तार उघडी पडली म्हणजे?"

बाई आल्या तेव्हा टेबलावर सगळा पसारा. वडिलांनी त्यांना खुर्ची दिली आणि रस्त्यावरच्या खड्ड्यांचा विषय काढला. आत्यानं मध्येच तोडून सांगून टाकलं, की वायर गरम भागाला टेकली ती माझ्या हातून, आता दुसरी घालतेय, परत चार तास चालवून बघेन आणि मशीन उद्या देईन.

बाई खुर्चीतून उठून टेबलाशी आल्या. वाकून बघत राहिल्या. आत्या हात चालवता चालवता दाखवत होती: तापणाऱ्या प्रत्येक भागापासून बोटभर अंतर, पंख्याच्या पात्यांपासून दोन बोटं, प्लगच्या तोंडाशी लगेच मुरड नाही, आणि जादा लांबी सगळी मदरबोर्ड बसवलेल्या पत्र्यामागे.

"आता काचेतून दोन वायरी दिसणार," बाई म्हणाल्या.

"दिसू द्या की. कुठं टेकल्या तर कळेल तरी."

बाई हसल्या आणि दुसऱ्या दिवशी मशीन घेऊन गेल्या. ते आजवर परत आलेलं नाही. मशीन गेलं त्याच दिवशी वडिलांनी आत्याची काउंटरवरची खुर्ची उचलून मागच्या टेबलाला लावली, आणि आठवडाभर, मला बसायला काही ठेवलं नाही, म्हणून कुरकुरत राहिले.

आत्याला मात्र त्या दिवसापासून एका गोष्टीनं छळलंय. वायर किती अंशांपर्यंत चालेल, ते तिच्यावर छापलेलं असतं. किती वर्षं, ते कुठंच नसतं. तिनं वायरी बनवणाऱ्या कंपनीला लिहून विचारलं; त्यांनी रंगांची यादी पाठवली. मग मला धरलं, कारण मी इंजिनिअर. मी पुस्तकं चाळली आणि म्हणालो, ते प्लास्टिकवर अवलंबून आहे.

"अरे, प्लास्टिक हे बघ, माझ्या हातात आहे," आत्या म्हणाली. "ऐंशी अंशांची वायर रोज सत्तरात राहिली, तर तडकायला वर्षं किती लागतील?"