काकूंची गच्ची

गच्चीच्या दारात काकू हात आडवा धरायच्या. धमकावण्यासाठी नाही, फाटक जसं असतं, तसा. मग समोरच्या बाईला एकदा खालपासून वरपर्यंत न्याहाळून विचारायच्या, "बाजूला न्हाईस ना?"

उत्तर मिळाल्याशिवाय हात खाली येत नसे.

शाळेत आम्हाला पाळीचा धडा इंग्रजीत होता. आकृती काढून भागांची नावं लिहायची होती आणि माझ्या आकृतीला पैकीच्या पैकी गुण मिळाले होते. पण पुस्तक घेऊन गच्चीवर अभ्यासाला निघालेल्या मुलीला हेच जिन्यात, मागून कुणाचे तरी वडील चढत असताना, मोठ्यानं विचारलं जाईल, असं त्या धड्यात कुठे नव्हतं. मी उलट पावली खाली यायचे. काकू त्याचाही अर्थ लावायच्या आणि लक्षात ठेवायच्या.

आमची इमारत वसमतच्या बाजारापासून जवळ. चार मजले, लिफ्ट नाही. फ्लॅट घेताना प्रत्येकाला सांगितलं गेलं होतं की गच्ची सगळ्यांची आहे. तुमच्याही इमारतीत असंच सांगितलं असेल आणि तुमच्याकडेही ती एकाचीच असेल. आमच्याकडे होळी झाली की काकू जुनी लुगडी अंथरायच्या आणि मिरगापर्यंत गच्ची त्यांची. पापड, शेवया, सांडगे आणि सगळ्यात लाडक्या कुरडया. गहू भिजवायचा, त्याचा चीक काढायचा, पहाटे उठून तो शिजवायचा. काकू सोऱ्या असा फिरवायच्या की एकही तार तुटत नसे. कपडे वाळत घालायला दोन तारा उरायच्या, त्याही कडेच्या.

बाजूला बसलेल्या बाईची सावली पडली की कुरडया लाल पडतात, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. म्हणून इमारतीतल्या प्रत्येक बाईचा महिना त्यांना तोंडपाठ. माझ्या आईला स्वतःची तारीख आठवली नाही, तर ती काकूंना विचारायची. आम्ही यावर हसायचो. काकूंनाही ते आवडायचं. "तुमचं कॅलेंडर मीच हाय," असं म्हणायच्या.

त्यांच्याशी भांडायची हिंमत फक्त समोरच्या फ्लॅटमधल्या मावशींनी केली. मावशींना मिरच्या वाळवायच्या होत्या. त्यांनी एके दिवशी विटांची ओळ मांडून गच्चीचे दोन भाग केले. दुसऱ्या दिवशी विटा टाकीमागे रचलेल्या होत्या आणि मिरच्यांचं पोतं जिन्यात होतं. मग दोघींनी एकमेकींशी बोलणं सोडलं. बोलायचं असेल ते मावशींच्या सुनेशी बोलायच्या. तिनं ते दुसरीला सांगायचं.

ही सून रूपाली. माहेर जवळा बाजार गावचं, लग्नाला दोनेक वर्षं झालेली. भांडण पोचवताना ती त्यातली धार काढून टाकायची. सासू म्हणायची, त्या म्हातारीला सांग, गच्ची काय तिच्या बापाची हाय का. रूपाली समोर जाऊन म्हणायची, आत्याबाई विचारतात की थोडी जागा होईल का. काकूंना ती आवडायची. त्या सोऱ्या फक्त तिच्याच हातात द्यायच्या.

त्या उन्हाळ्यात रूपालीला दिवस गेले. मावशींनी ते तिसऱ्या महिन्याआधीच सगळ्या मजल्यांवर सांगून टाकलं. काकूंनी समोर जाऊन काही विचारलं नाही, पण रूपालीला गच्चीवर चढायला बंदी केली आणि तिच्यासाठी गरम चीक वाटीत घालून खाली पाठवू लागल्या.

मग एका दुपारी आभाळ आलं. काकूंनी घाईघाईनं ओल्याच कुरडया लुगड्यांत गुंडाळल्या आणि वरून प्लॅस्टिक बांधलं. मी कपडे काढायला गेले होते, त्यामुळे बघितलं. पाऊस पडलाच नाही. पण उघडायला उशीर झाला आणि उघडल्या तेव्हा अर्ध्या कुरडया गुलाबी पडलेल्या.

काकू दारोदार फिरल्या. प्रत्येक बाईला उंबऱ्यात बोलावून विचारलं. सगळ्यांनी नाही म्हटलं. मी हळूच म्हणाले की काकू, ओल्या बांधल्या म्हणून झालं असेल. त्यांनी माझ्याकडे मायेनं बघितलं. "इंग्लिश शाळेतलं पोरगं हाय," आईला म्हणाल्या, "तिला काय ठाऊक."

त्याच आठवड्यात मावशींच्या हट्टानं रविवारी पार्किंगमध्ये बैठक भरली. पुरुष खुर्च्यांवर, बायका जिन्याच्या पायऱ्यांवर. मावशी तयारीनं बोलल्या. गच्ची अर्धी अर्धी करा, न्हाई तर कुलूप घाला, म्हणाल्या. दोन-तीन जणांनी माना डोलावल्या. काकूंच्या बाजूनं कुणी बोलेना. मला वाटलं, आता गच्ची वाटली जाणार.

काकू उठून वर गेल्या. परतल्या तेव्हा त्यांच्या हातात काठी होती आणि काठीच्या टोकाला एक परकर. धुतलेला, पण डाग न गेलेला. तारेवर मावशींच्या घरच्या टॉवेलखाली लपवून वाळत घातलेला त्यांना सापडला होता.

"ह्यो कुणाचा, वळखा," त्या मावशींना म्हणाल्या. "साऱ्यांना सांगून राहिल्या, सुनेला दिवस गेलेत. दिवस गेलेली बाई काहून बाजूला बसंल? खोटं बोलून माझ्या वाळवणात फिरली ती."

मावशी म्हणाल्या, "तोंड सांभाळून बोला." मग त्यांनी परकराकडे नीट बघितलं. तो त्यांनीच वटसावित्रीला सुनेला घेतला होता. त्या वळल्या. जिन्याच्या वरच्या पायरीवर रूपाली उभी होती. ती कठडा धरून खाली बसली. तेवढ्यानं सगळ्या बायकांना कळलं. काकूंनाही कळलं, कारण काठी हळूहळू खाली आली.

रूपालीचा नवरा मोबाइल बघत होता. कुणीतरी म्हणालं, चहा सांगू का.

रक्त जाऊ लागल्यावर तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं. थांबेल, असं तिला वाटत होतं. रात्रीच परकर धुवायची आणि पहाटे, काकू यायच्या आत, तारेवर घालायची. हे तिनं नंतर माझ्या आईला सांगितलं. सासूला दुःख झालं असेल. दिसला तो राग. मूल गेलं ते गेलं, पण सगळ्या बिल्डिंगसमोर आपल्याला खोटं पाडलं, हे त्यांना सहन होईना. गच्चीचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. रूपालीला आरामासाठी माहेरी पाठवायचं ठरलं. तो आराम अजून संपलेला नाही. वर्षभरानं वकिलाकडून कागद गेले, एवढं ऐकलं.

काकूही आता इथे नसतात. गुडघे गेले, म्हणून मुलानं नांदेडला नेलं. गच्ची मोकळी आहे. वर कुणी फारसं जात नाही. पापड सगळेच बाजारातून आणतात. पण काकू म्हटलं की मला गच्ची आठवत नाही, रूपाली गेली ती सकाळ आठवते.

तिचे वडील जीप घेऊन आले होते. ते वर आलेच नाहीत. मावशींनी दार लावून घेतलं होतं. रूपाली बॅग घेऊन जिन्यात आली, तेव्हा काकू त्यांच्या दारात ताट घेऊन उभ्या होत्या. नारळ, तांदूळ, खण, हळदकुंकू. लेकरू असं रिकामं जाऊ नये, म्हणाल्या. त्यांनी तिला हळदकुंकू लावलं. त्यांचा आवाज भरून आला होता आणि तो खोटा नव्हता, हे मी शेजारी उभी होते म्हणून सांगते.

"पदर धर बाई," काकू म्हणाल्या. "पुढच्या बारीला भरल्या पोटानं ये."

रूपालीनं दोन्ही हातांनी पदर पसरला. काकूंनी ओंजळीनं तांदूळ घातले, वर नारळ ठेवला. ती रडायला लागली होती, पण दोन्ही हात पदराला होते, त्यामुळे तिला डोळे पुसता येईनात. काकूंनीच तिचे डोळे स्वतःच्या पदरानं पुसले.