हिल्काबाईंच्या टायरमधला नायट्रोजन

हिल्काबाईंची निळी गाडी दुकानाच्या आवारात वळली, की एन्सिओमामा आधी हात धुवायचा. टायरच्या कामात हात धुण्याला काही अर्थ नसतो, घटकाभरात पुन्हा काळे. दुसऱ्या कुणासाठी तो धुवायचाही नाही. मी त्याच्या बहिणीची मुलगी, त्याच दुकानात गल्ल्यावर बसायचे. नळाचा आवाज आला की मी न बघताच कॉफी ठेवायचे.

मामाचं लग्न झालं नव्हतं. तळ्याकाठच्या आईवडिलांच्या घरात एकटा राहायचा, शनिवारी संध्याकाळी एकटाच सौना तापवायचा आणि वाफेत बसून एकटाच घाम गाळायचा. आमच्या या पूर्व फिनलंडात अशा माणसांची कुणाला दया येत नाही, कारण निम्मं गाव तसंच आहे. हिल्काबाई शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेल्या. नवरा गेलेला, मुलगी दूर ताम्पेरेला. पुलापलीकडे, जंगलातल्या रस्त्याच्या टोकाला त्यांचं घर. तिथून त्या शनिवारी सकाळी यायच्या, एकाआड एक शनिवारी.

"हवा बघता का जरा?"

"बघतो की."

चार चाकांची हवा बघायला किती वेळ लागतो? मामाला सगळी सकाळ लागायची. एकेका चाकापाशी गुडघा टेकून बसायचा, मीटर लावायचा, काढायचा, पुसायचा, पुन्हा लावायचा.

"मागचा उजवा जरा बसलाय."

"मागच्या खेपेलाही तोच होता."

"हट्टी आहे तो."

"माझ्या नवऱ्यावर गेलाय. त्यालाही अधूनमधून फुगवावं लागायचं, नाहीतर खुर्चीत बसला की बसलाच."

मामा हसायचा, पण टायरकडे तोंड करून. मग कॉफी, वेलचीचा गोड पाव, बर्फाखालून कोणी किती मोठा मासा काढला, कोण वारलं. मग त्या उठायच्या आणि मामा दारापर्यंत जायचा. चांगल्या टायरची हवा इतक्या लवकर उतरत नाही हे दुकानात सगळ्यांना ठाऊक होतं. हिल्काबाईंना तर नक्कीच. पण आमच्याकडे कुणाकडे उगीच जात नाहीत. जायला निमित्त लागतं, आणि हवा हे फार सोयीचं निमित्त होतं.

पुढे दुकान म्हाताऱ्या मालकाच्या हातून त्याच्या पोराकडे, यार्क्कोकडे आलं. यार्क्कोने नायट्रोजनचं यंत्र आणलं. कपाटाएवढं, चकचकीत, आणि त्याबरोबर पोतंभर हिरवी टोपणं. ज्या टायरमध्ये नायट्रोजन, त्याला हिरवं टोपण.

पहिला बळी दूधगाडीवाला तौनो.

"यात काय भरतोस रे, एन्सिओ?"

"नायट्रोजन."

"आणि आतापर्यंत काय भरायचास?"

"हवा. म्हणजे पाचातले चार वाटे नायट्रोजनच."

"मग मी पैसे कशाचे द्यायचे?"

"हिरव्या टोपणाचे."

यार्क्को आतून ओरडला, "एन्सिओकाका, तुमच्यासारखा आणखी एक विक्रेता मिळाला ना, तर मी दुकान विकून मासे धरायला जाईन!"

"मासे तुला नाही धरता येत," मामा म्हणाला. "गप्प बसावं लागतं."

पण मला त्याने नीट सांगितलं होतं. विमानाला, शर्यतीच्या गाडीला ठीक आहे. आत ओल राहत नाही, हवाही थोडी सावकाश उतरते. पण गारठ्यात तोही आकसतोच. जो माणूस महिन्यातून एकदा मीटर लावतो, त्याला त्याचं काही काम नाही.

त्या साली ऑक्टोबरातच रस्त्यावर बर्फाची काच धरली. हिल्काबाई बर्फात पकड घेणारे खिळ्यांचे टायर चढवायला आल्या, त्याच सकाळी पुलाच्या वळणावर टपालगाडी घसरून चरात गेली होती. मामाचा गुडघा तेव्हा सुजून लाडवासारखा झालेला. शेवटच्या चाकापासून उठताना त्याने गाडीला धरलं, तोंड वाकडं झालं. हिल्काबाईंनी ते पाहिलं आणि नजर वळवली. ती वळली यंत्राकडे.

"त्या हिरव्या टोपणांचा खरंच उपयोग होतो का हो, एन्सिओ?"

तौनोला दिलेलं उत्तर आता पुन्हा ऐकायला मिळणार म्हणून मी हसायच्या तयारीत होते. मामा मात्र खिडकीबाहेर बघत होता. रस्ता आरशासारखा चमकत होता.

"तुम्हाला होईल," तो म्हणाला. "एकदा भरला की वसंतापर्यंत बघायला नको. एवढ्या निसरड्यावरून यायलाही नको."

"यायला नको?"

"कशाला उगीच त्रास."

हिल्काबाईंनी हातमोजे चढवले. एकेक बोट नीट बसवत.

"भरा मग," त्या म्हणाल्या.

मामाने दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. चारी टायर रिकामे केले, भरले, पुन्हा रिकामे केले, पुन्हा भरले. चक्क शीळ घालत होता. आयुष्यात पहिल्यांदा कुणाला भेटवस्तू देणाऱ्या माणसासारखा दिसत होता. मी कॉफीचा कप पुढे केला.

"राहू दे गं," हिल्काबाई म्हणाल्या. "तुमची गर्दीची वेळ आहे."

दुकानात त्यांच्याशिवाय कुणीही नव्हतं.

नोव्हेंबर गेला. शनिवारी मामा दाराजवळचंच काहीतरी काम काढून बसायचा. एकदा नळाचा आवाज आला, मी कॉफी ठेवायला उठले, तर आवारात भलतीच कुणाची तरी निळी गाडी. मामा ओले हात घेऊन उभा.

"त्यांचे टायर चांगले आहेत," मला म्हणाला. मी काही विचारलं नव्हतं.

"जाऊन ये ना मामा एकदा."

"काय सांगून?"

"कॉफी प्यायला आलो म्हणायचं."

"बोलावलंय कुणी?"

"मग फोन कर."

"फोनवर काय बोलणार? फोनवर तर हवासुद्धा बघता येत नाही."

नाताळ गेला. दुपारीच अंधार पडायचा, गोठलेलं तळं रात्रभर कण्हायचं. मामा आधीच कमी बोलायचा, आता तेही थांबलं. यार्क्को त्याला टोमणे मारायचा थांबला, त्यावरून मी ओळखलं की काहीतरी वाईट चाललंय. फेब्रुवारीच्या शेवटच्या रविवारी तो माझ्या दारात उभा राहिला. दाढी केलेली, कोटाच्या खिशात मीटर.

"चल. फार गारठा पडलाय, नायट्रोजनही आकसला असेल. तू असलीस की बोलणं होतं."

हिल्काबाईंच्या अंगणातला बर्फ दारापासून लाकडाच्या खोपीपर्यंत तेवढा उपसलेला होता. गाडीच्या जागी गुळगुळीत, अख्खा बर्फ. मामा तिकडे बघत राहिला. दार उघडलं.

"अगंबाई, तुम्ही! काय झालं?"

"हवा बघायला आलो होतो."

"गाडी दिली मी. शेजारच्या पोराला, डिसेंबरात."

"दिली?"

"सत्तरी उलटली की डॉक्टरचा दाखला लागतो परवान्याला. म्हटलं, कशाला धडपड करायची? जायचं तरी कुठे होतं मला?"

मामाने टोपी काढली. तिचं काय करायचं ते त्याला कळेना. आम्ही स्वयंपाकघरात बसलो. कोपऱ्यात खोकी रचलेली, दोऱ्यांनी बांधलेली. मी ती बघतेय हे पाहून हिल्काबाईच म्हणाल्या, "मुलीकडे चाललेय. मार्चमध्ये. चौथ्या मजल्यावर घर आहे, लिफ्ट आहे."

कॉफी ओतली गेली. घड्याळ ऐकू येत होतं. मी टेबलाखालून मामाला पाय मारला, तो दुखऱ्या गुडघ्याला लागला.

"त्या नायट्रोजनचा," मामा एकदम म्हणाला, "तुम्हाला काही उपयोग नव्हता."

"काय?"

"काही नाही त्यात. हवाच बरी. मी उगीच बोललो."

"मग का बोललात?"

"रस्ता निसरडा होता. टपालगाडी गेली होती ना चरात."

हिल्काबाईंनी कप खाली ठेवला.

"मला वाटलं, गुडघा दुखतोय म्हणून," त्या म्हणाल्या. "वाटलं, ही बाई सारखी येते, पुन्हा पुन्हा खाली बसवते. तुम्हाला नको म्हणवत नाही, म्हणून टोपणं लावून वाटेला लावली."

"गुडघा दुखत होताच," मामा म्हणाला. "पण तो बाकीच्यांसाठी खाली बसलं की."

एवढं मनातलं तो कधी कुणाशी बोललेला मला माहीत नाही. हिल्काबाई उठल्या, खिडकीशी गेल्या, पडदा उगीच सारखा केला. त्यांचे खांदे हलत होते. आता बोल, आता बोल, असं मी मनात घोकत होते. मामा टोपीचं अस्तर कुरतडत होता.

निघताना त्या दारापर्यंत आल्या. "मी अजून तीन आठवडे आहे इथे," म्हणाल्या.

मामाने मान हलवली. "काही सामान उचलायचं असलं तर सांगा."

"माणसं येणार आहेत उचलायला."

"मग बरं."

गाडीत बसल्यावर मी फुटलेच. "मामा! त्यांनी तुला सांगितलं, तीन आठवडे आहे म्हणून! सामान कसलं उचलतोस?"

"मग काय म्हणायला हवं होतं?"

"येतो म्हणायचं!"

"कशासाठी?"

"कशासाठीही नाही! नुसता येतो!"

त्याने इंजिन बंद केलं. दरवाजाच्या मुठीवर हात ठेवला. स्वयंपाकघरातला दिवा जळत होता आणि पडद्याआड हिल्काबाई उभ्या होत्या, हलत नव्हत्या. काच आतून धुरकटत गेली. मामाचे ओठ हलत होते. दाराशी जाऊन काय म्हणायचं, त्याची तालीम चालली असावी.

"आत्ताच तर निघालो आपण," तो शेवटी म्हणाला. "लगेच परत गेलो तर त्या घाबरतील."

मग दिवा गेला. मामाने मुठीवरचा हात काढला, बाहीने काच पुसली आणि गाडी सुरू केली.

मार्चच्या पहिल्याच आठवड्यात हिल्काबाईंची मुलगी ठरल्याआधीच येऊन त्यांना घेऊन गेली. आम्हाला ते तौनोकडून कळलं, दुकानात, टायर बदलताना. मामाने चाकाचे नट आवळले, आणि जे आवळून झाले होते तेही पुन्हा आवळले.