ठाण्यातला बघण्याचा कार्यक्रम

"सर्व अधिकारी आणि अंमलदारांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, आज दुपारी या पोलीस ठाण्याच्या इतिहासात प्रथमच एक मंगल प्रसंग घडत आहे. त्या वेळेत कोणीही कोणावर ओरडू नये. शिवी तोंडात आल्यास गिळावी. कोठडीतल्या मंडळींनाही तशी समज द्यावी. आदेशाचा भंग करणाऱ्याला येणारा प्रत्येक सण गोदाघाटावर बंदोबस्ताला उभं राहून साजरा करावा लागेल."

रविवारच्या सकाळच्या हजेरीला मी हे छाती फुगवून म्हटलं. मी इथला हजेरी मास्तर. कोणी कुठे उभं राहायचं, कोणाला सुट्टी मिळाली आणि कोणाची गेली, हे मी सांगतो. तरुणपणी हौशी नाटकांत कामं केली, आता ती हौस हजेरीवर भागवतो. जुन्या नाशकातल्या या ठाण्यातल्या पोलिसांच्या बायकांनी मला कधी पाहिलेलं नाही, तरी त्या माझा उद्धार रोज करतात. पोराचं जावळ असो की मेव्हण्याची हळद, तिथे नवरा न दिसण्याला कारण मीच, असं त्यांचं ठाम मत आहे.

मंगल प्रसंग होता आमच्या फौजदार मॅडमचा. मॅडम सायखेड्याकडच्या, शेतकऱ्याच्या घरातल्या. वर्दीत आल्यापासून घरचे त्यांच्यासाठी स्थळं बघत होते. एक स्थळ आलं तेव्हा मॅडम मिरवणुकीत होत्या. दुसरं आलं तेव्हा एका दंग्याच्या पंचनाम्यात. पाहुण्यांनी पोहे खाल्ले, मुलीचा वर्दीतला फोटो पाहिला आणि ते परत गेले. दोन्हीकडून निरोप एकच आला. मुलगी चांगली आहे, पण घरी कधी असणार?

हे तिसरं स्थळ घोटीचं. घरची भातशेती, मुलगा नाशिक रोडला सरकारी नोकरीत. मॅडम आणि तो आधीच एकदा चहाला भेटले होते, फोनवर बोलतही होते. मुलाचा होकार होता. अडलं होतं ते त्याच्या आईपाशी. त्या आधी मुलीला समोर बसवून बघणार आणि मगच बोलणार होत्या. मॅडम मला म्हणाल्या, "मास्तर, हे स्थळ माझ्या मनातलं आहे. हे गेलं तर मी पुन्हा कोणासमोर बसणार नाही. रविवार मोकळा द्या."

मी दिला. शनिवारी संध्याकाळी एका बड्या नेत्याचा रविवारचा घाटावरचा दौरा ठरला आणि झाडून सगळ्यांच्या सुट्ट्या बंद झाल्या.

मॅडम टोपी घेऊन गस्तीला निघून गेल्या. मग मीच मोठ्या साहेबांकडे गेलो. साहेब रक्तदाबाची गोळी तळहातावर घेऊन बसले होते आणि फोन वाजत असल्यामुळे ती तोंडात जात नव्हती. माझं ऐकून म्हणाले, "सुट्टी देता येत नाही. पण पाहुणेच ठाण्यात आले, तर मी कोण अडवणारा? दुपारी तासभर तिला घाटावरून आत घे. आणि जरा बरा चहा सांग."

तर रविवारी दुपारी मॅडमचे आई-वडील सायखेड्याहून आले. आईच्या पिशवीत मॅडमसाठी मोरपिशी साडी होती. त्यांना मी भिंतीलगतच्या बाकावर बसवलं. थोड्या वेळाने घोटीकर आले. आई, वडील आणि इस्त्रीच्या शर्टातला मुलगा. त्यांना समोरचा बाक दिला. चहा झाला. हवापाणी बोलून झालं. मॅडमचा पत्ता नव्हता. नेत्याची गाडी कुठेतरी अडकली होती, म्हणून मॅडम घाटावर अडकल्या होत्या. हळूहळू दोन्ही बाकांवरची माणसं गप्प झाली आणि फरशीकडे बघू लागली.

नेमक्या त्या वेळी आमच्या हवालदार बाई बंदोबस्ताची पाळी संपवून परतल्या. बाई महिला मदत कक्ष सांभाळतात. नवरा-बायकोची, सासू-सुनांची भांडणं आधी त्यांच्याकडे येतात. पहाटेच थेट घाटावर गेल्यामुळे माझी ऐतिहासिक घोषणा त्यांनी ऐकलेली नव्हती. त्यांनी दारातून पाहिलं. समोरासमोर दोन बाक, दोन घरची माणसं, मध्ये खाली मान घातलेला तरुण, आणि कोणी कोणाशी बोलत नाही. असं दृश्य त्या आठवड्यातून कित्येकदा बघतात.

"मुलाची आई कोण? तुम्ही ना मावशी? चला, आत या. बाकीच्यांनी इथेच बसा, मध्ये बोलायचं नाही."

त्यांची ही पद्धतच आहे. सासूला आधी आणि एकटीला बोलवायचं. सासूचं बोलून झालं की निम्मं भांडण तिथेच संपतं, असं त्या म्हणतात. मावशीही निमूट उठल्या. पोलिसांत स्थळाची चौकशी अशीच होत असेल, असं त्यांना वाटलं असावं. मी पुढे होऊन सांगायला हवं होतं. पण रंगात आलेल्या प्रवेशावर पडदा पाडायचा नसतो. मी कक्षाच्या दाराशी जाऊन उभा राहिलो.

"हं मावशी. काय त्रास आहे?"

"त्रास असा नाय ताई. पण आमच्यात रातच्याला समदे एका पंगतीला बसत्यात. ही पोरगी कवा येनार, तिचा काय नेम हाय?"

"ही म्हणजे सून ना?"

"सूनच की. पोलिसात हाय."

बाईंनी पेन खाली ठेवलं. खुर्ची पुढे ओढली.

"पोलिसात आहे हे आधी माहीत होतं का नव्हतं?"

"व्हतं की. पोराला आवडली, मग आमी काय म्हननार?"

"ती उशिरा घरी आली, तर तुम्ही काय विचारता?"

"कुठं व्हतीस, आसंच इचारनार ना मानूस."

"तिथेच चुकतं, मावशी. कुठे आहेस, हे आम्हाला दिवसभर सगळे विचारतात. साहेब विचारतात, वायरलेसवर विचारतात. घरात पाय ठेवला आणि पुन्हा तेच कानावर आलं, की वाटतं ड्यूटी अजून सुटलीच नाही. माझ्या सासूबाई हेच विचारायच्या. एक दिवस मी बुटांसकट ओट्याला टेकून रडायलाच लागले. त्यांना काय कळेना. तेव्हापासून एवढंच विचारतात, जेवलीस का. बाकीचं मी आपणहून सांगते, त्यांना झोप येईपर्यंत."

मावशींनी पदराने कपाळ पुसलं. मग म्हणाल्या, "उपाशी ऱ्हाता व्हय तुमी?"

"आज सकाळपासून एक वडापाव झालाय. तोही उभ्याने." बाईंनी दाराकडे पाहिलं. "मास्तर, काय उभे आहात? मुलाला पाठवा आत."

मी अत्यंत आज्ञाधारकपणे मुलाला पाठवलं.

"या. आई तक्रार करते तेव्हा तुम्ही मोबाइलमध्ये बघत बसत असाल. एक सरळ सांगा. बायकोला नांदवायचं आहे का नाही?"

मुलगा सावधान उभा राहिला. "आहे ना, मॅडम. नक्की आहे. पण आमचं लग्न अजून झालेलं नाही."

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं, मावशींकडे पाहिलं आणि शेवटी माझ्याकडे. ती नजर मी नाटकातही कोणाला जमलेली पाहिली नाही. मी म्हटलं, "बाई, हे आपल्या फौजदार मॅडमना बघायला आलेत."

बाई खुर्चीतून उठल्या आणि भिंतीवरच्या पंख्याचं बटण विनाकारण बंद करून पुन्हा सुरू केलं. पुढच्या सणाला मला घाटावर कोण उभं करणार, हे मला त्याच क्षणी कळलं.

तेवढ्यात बाहेर बुटांचा आवाज आला. मॅडम धावतच आल्या होत्या. चेहरा उन्हाने रापलेला, टोपीच्या कडेचा वळ कपाळावर तसाच. बाकावरून आई साडीची पिशवी घेऊन उठली, पण साडी नेसायला वेळ कुठला. मॅडमनी मुलाची आई मदत कक्षात, हवालदार बाईंसमोर बसलेली पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला. तिसरंही गेलं, असं त्यांच्या तोंडावर स्पष्ट दिसलं.

"मावशी, माफ करा," त्या म्हणाल्या. "निघताच आलं नाही. मी घाटावर..."

मावशींनी हात वर करून त्यांना थांबवलं. परतीच्या वाटेसाठी आणलेला डबा पिशवीतून काढला. तांदळाची भाकरी होती, वर ठेचा. डबा टेबलावर ठेवून त्यांनी मॅडमना हाताला धरून आपल्या शेजारच्या खुर्चीत बसवलं आणि सगळ्या ठाण्याला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाल्या,

"कुठं व्हतीस ते ऱ्हाऊ दे, आदी दोन घास खाऊन घे. आपलं भांडान या ताईंनी कवाच मिटिवलंय."