अक्काची दमलेली बॅटरी

रिक्षातून उतरली की अक्का आधी सीट उचलायची आणि खालच्या बॅटरीच्या पेटीला उलटा हात लावून बघायची, पोराचा ताप बघावा तसा. डिंडोलीच्या आमच्या खानदेशी चाळीत विजेची रिक्षा चालवणारी ती एकटीच बाई. साड्यांना लेस लावणाऱ्या बायकांना कारखान्यावर सोडायची. मी शेजारी राहायचो आणि मला नसत्या चौकशा फार. "अक्का, लगेच का नाही लावत चार्जिंगला?"

"आत्तेच वनी ती. तिले दम खाऊ दे." उन्हातून आल्या आल्या कुणाला ताटावर बसवू नये, हाच न्याय ती बॅटरीला लावायची. लिथियम फॉस्फेटची ती बॅटरी तशी शांत स्वभावाची, पण तापलेली असताना चार्ज करू नये, हे बॅटरीच्या मिस्त्रीचं सांगणं अक्काने गाठीशी बांधलं होतं. शेजारच्या रिक्षावाल्याने ॲसिडच्या बॅटरीचा जुना चार्जर देऊ केला, तर म्हणाली, "दुसरानी चप्पल घालीसन कोन चालस?"

पुढे कुठे तरी बॅटरी पेटल्याचा व्हिडिओ गुजराती घरमालक जीवणभाईंनी पाहिला आणि चाळीत चार्जिंग बंद म्हणून फर्मान काढलं. रिक्षा बंद म्हणजे अक्काची चूल बंद. तिने विनवण्या करून थोडी मुदत मिळवली. काही गडबड झाली तर लपवणार नाही, असा शब्द दिला.

आणि गडबड झालीच. ऐन उन्हाळ्यात अक्का हातपाय धुवायला आत गेली असताना शेजारच्या सिंधूबाईंना पेटी कढत लागली. माठ गार ठेवायला खानदेशात करतात तेच त्यांनी मायेने केलं. ओलं गोणपाट पेटीवर टाकलं. अक्का बाहेर आली आणि तिचा चेहराच उतरला. तिने पेटी कोरडी पुसली, प्लगला मात्र हात लावला नाही.

"कोनले कळस?" सिंधूबाई पुटपुटल्या. अक्काने तिथूनच जीवणभाईंना फोन लावला. "शेठ, पेटीवर पाणी पड गया. मिस्त्री बघेपर्यंत चार्जिंग नाही. पुढे तुम्ही म्हणाल तसं."

"ने तारो धंधो?" तुझ्या धंद्याचं काय, असं जीवणभाईंनी पलीकडून विचारलं.

"बंद, शेठ."

मिस्त्रीने पेटी उघडली, आत सगळं कोरडं होतं. जीवणभाई आले ते इलेक्ट्रिशियन घेऊनच. जिन्यापासून लांब, उघड्या ओट्यावर त्यांनी अक्कासाठी वेगळा पॉइंट बसवून दिला.

गुडघ्यांनी दगा दिल्यावर अक्का लेकीकडे चलथाणला गेली. परवा एक नवा भाडेकरू आपली विजेची रिक्षा घेऊन आल्या आल्या प्लग खुपसायला निघाला. जीवणभाईंनी त्याला थांबवलं, बॅटरीला उलटा हात लावला आणि जन्मभर गुजराती बोललेला तो माणूस म्हणाला, "तिले दम खाऊ दे."

मग आपण नेमकं बोललो ना, याची खात्री करून घ्यायला ते माझ्याकडे वळले. "अक्का आवुंज बोलती ने?"