मळ्यातला पोट सुटलेला बिबट्या

चहा प्या तुम्ही, पण घोट तोंडात असताना हसू नका. ठसका लागेल आणि त्याचं खापरही माझ्याच डोक्यावर फुटेल! कारण आता जी फजिती सांगतोय, ती माझी कुणी केली नाही. मी स्वतः, भरल्या गावात, हट्टानं करून घेतली.

उभी हयात बातमीदारीत गेली. जुन्नर-आंबेगावात माझ्याशी न भांडलेला एक अधिकारी दाखवा! पण रक्तात साखर निघाली आणि मंचरच्या डॉक्टरांनी मला गप्प बसवलं. म्हणाले, "गोळ्या घेताय, पण व्यायाम शून्य. पुढच्या तपासणीला साखर खाली आली नाही, तर इन्सुलिनचं इंजेक्शन. रोज!"

आता तुमच्यापासून काय लपवायचं? भर सभेत पुढाऱ्याला उभा-आडवा घेणारा हा माणूस सुईला घाबरतो. रक्त द्यायला गेलो की आमच्या हिला माझा हात धरून बसावं लागतं.

तडक ओतूरच्या जिममध्ये नाव घातलं. तिथला ट्रेनर म्हणाला, "अंकल, तुम्ही उड्या मारू नका. बेअर वॉक करा. अस्वलासारखं, हातपाय टेकून चालायचं." चाललो बापडा. समोर भलामोठा आरसा, आरशात खी खी करणारी पोरं, वर गाण्यांचा दणदणाट! ट्रेनरशी कडाक्याचं भांडलो आणि घरी आलो.

म्हटलं, व्यायाम घरीच. पण फरशीवर हात घसरतात. मग मागच्या दारची, उसाच्या कडेची मऊ मातीची वाट धरली. तांबडं फुटायच्या आत उरकायचं, म्हणजे कुणी बघायला नको. डोक्यावर माकडटोपी, अंगात जुना पिवळट स्वेटर. त्याला कसरीनं जागोजाग भोकं पाडलेली, भोकांतून आतला काळा टी-शर्ट दिसतो.

"अहो, फेका तो एकदाचा," ही म्हणाली.

"कोण बघतंय मला?" मी म्हणालो.

तुम्ही म्हणाल, आपल्याकडं माणूस अंगणात पाय टाकायच्या आधी उसावर बॅटरी मारतो, आणि तुम्ही अंधारात उसाकडेला? अहो, त्या सुईपुढं बिबट्या काय घेऊन बसलात!

आठवडा झाला नाही तोच शेजारच्या मळ्यातले किसनतात्या धापा टाकत दारात.

"भाऊ, बिबट्या!"

"कुठं?"

"तुमच्याच घरामागं! उसाच्या कडंकडंनं चालला व्हता. लई मोठा, राव. अंगावर काळं ठिपकं ह्ये एवढालं! पण वय झाल्यालं दिसतंय. पोट पार भुईला टेकत व्हतं."

"गुरगुरला का?"

"गुरगुरतोय कशाचा! नुसता धापा टाकीत व्हता. मधीच बसला आन् गुडघा चोळाया लागला."

"तात्या, बिबट्या गुडघा चोळतो?"

"आता जनावराला बी संधिवात आसंल की! आमी काय डाक्टर हाये का?"

इथं तरी माझी ट्यूब पेटायला हवी होती की नाही? पण समोर बातमी दिसली की मला दुसरं काही दिसत नाही. बसल्या बैठकीत खरडली: 'म्हातारा बिबट्या वस्तीत, वनखातं झोपेत!' शिकार झेपत नसल्यानं तो आहुप्याच्या रानातून खाली उतरला असावा, असा जाणकारांचा अंदाजही टाकला. जाणकार कोण? मीच!

झालं! उसाला पाणी द्यायला कुणी जाईना, बायका विहिरीकडं घोळक्यानं जायला लागल्या. वनखात्याच्या मॅडम पिंजरा घेऊन आल्या, आत शेळी बांधली, वाटेकडेला कॅमेरा लावला.

"काका, हे ठसे बिबट्याचे वाटत नाहीत," त्या म्हणाल्या.

मी उसळलो. "म्हणजे गावकरी खोटं बोलतात?"

खरं सांगतो, तात्यांचं ऐकल्यापासून मीही व्यायाम बंद केला होता. पण पिंजरा आला तसा धीर आला, आणि तपासणी तर तोंडावर आलेली! पुन्हा पहाटे त्याच वाटेवर, त्याच स्वेटरात, दुप्पट जोमानं. कॅमेरा? तो बिबट्यासाठी होता, माझ्यासाठी थोडाच! पहिल्या दिवशी पिंजऱ्यातली शेळी मला बघून जोरात ओरडली. दुसऱ्या दिवशी तिनं एकदा पाहिलं आणि निवांत पाला खायला लागली. तिला कळलं होतं. मला नाही!

बिबट्या काही सापडेना. मग मी गाव गोळा केलं, पारावर उभा राहिलो आणि वनखात्याचे असे वाभाडे काढले की विचारू नका. मॅडम हळूच पुढं आल्या.

"काका, कॅमेऱ्यात फोटो आलाय. जरा बाजूला येता का?"

"बाजूला कशाला? इथं दाखवा, सगळ्यांसमोर!"

"काका, ऐका माझं."

"नाही! ही दडपादडपी चालणार नाही! लोकांना कळलंच पाहिजे!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. मॅडमनी सुस्कारा सोडला आणि मोबाइल किसनतात्यांच्या हातात दिला. तात्यांनी तो लांब धरला, जवळ धरला, आडवा धरला. मग एकदा फोटोकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं.

"भाऊ... ह्यो बिबट्या तर माकडटोपी घालून हाय!"

सगळा पार माझ्याकडं वळला. आणि तेवढ्यात मागून हिचा आवाज, "तरी मी म्हणत होते, तो स्वेटर फेका!"

पुढचं हसणं देवळाच्या कळसापर्यंत गेलं असेल. मी कुठं बघत होतो ते विचारू नका.

दोन दिवसांनी मंचरला तपासणी. डॉक्टरांनी रिपोर्ट वरून खालपर्यंत पाहिला, आणि काय सांगू, साखर चक्क खाली आलेली! इंजेक्शन टळलं! कितीतरी दिवसांनी मी खुर्चीत ताठ बसलो.

"वा! काय केलंत असं?" डॉक्टरांनी विचारलं.

"विशेष काही नाही," मी म्हणालो. "रोज पहाटे चालतो."

डॉक्टरांनी गोळ्या लिहिता लिहिता, मान वर न करता विचारलं, "दोन पायांवर, की चार?"