काकांची दुश्मनी

चष्मा काढायचा, शर्टाच्या टोकाला पुसायचा, उजेडाकडे धरून पाहायचा आणि हळूच म्हणायचं, "बघून घेतो." आमच्या काकांना तुम्ही कधी भेटला असाल तर एवढ्यावरून ओळखाल. भांडुपमध्ये बघून घेतो म्हणणारे पुष्कळ आहेत. ते बाह्या सरसावून, मागे चारजण उभे करून म्हणतात आणि संध्याकाळपर्यंत विसरतात. काका नुसतं पुटपुटायचे, पण वर्षानुवर्षं विसरायचे नाहीत.

मरोळच्या एका कारखान्यात ते हिशेब सांभाळायचे, म्हणून सगळे त्यांना अकाउंटंटकाका म्हणत. आकडा जुळला नाही तर त्यांना जेवण जात नसे. अपमानाचंही तसंच होतं. मात्र त्यांची सूड घ्यायची रीत अशी, की ज्याच्यावर सूड घ्यायचा त्याला पत्ता लागत नसे आणि भलं आमच्या चाळीचं व्हायचं. समाजसेवा हा शब्द त्यांना खपत नसे. "सेवा कसली? दुश्मनी आहे माझी," असं ते सत्कारालाही सांगायचे.

पाण्याचंच घ्या. आमची चाळ डोंगरावर, सगळ्यात वर. नळ खाली पायथ्याशी. काकी तक्रार घेऊन वॉर्ड ऑफिसात गेल्या, तर तिथला क्लार्क म्हणाला, "वर राहायला कुणी सांगितलं होतं?" काकींनी घरी येऊन हे हसत हसत सांगितलं. काका हसले नाहीत. त्यांनी चष्मा पुसला.

त्यानंतर सुट्टी म्हणजे वॉर्ड ऑफिस असं ठरूनच गेलं. साहेब बदलले, नगरसेवक बदलले, काका तेच. शेवटी एकदाचा पाइप वर आला. चाळीने नारळ फोडला, बायकांनी नळाला हळदकुंकू वाहिलं. आणि काका पहिल्या पाण्याची बाटली भरून त्या क्लार्कला शोधायला निघाले. त्याची बदली मुलुंडला झाली होती. काका मुलुंडला गेले. "प्या. वरचं पाणी आहे." क्लार्कला काही म्हणता काही आठवेना. त्याने अर्धी बाटली संपवली आणि म्हणाला, "थंड आहे हो."

काका तोंड पाडून परत आले. "त्याला आठवतच नाही गं. मग मी इतकी वर्षं कुणाशी भांडत होतो?"

काकी विळीवर बांगडे कापत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "पाणी इला मां? मगे गप जेवा."

रक्तदान शिबिराचंही मूळ असंच. काकांच्या आईच्या ऑपरेशनच्या वेळी रक्तपेढीतला माणूस त्यांच्यावर खेकसला, "आधी डोनर आणा, मग बोला." तेव्हापासून दरवर्षी शिबिर. काका दारोदार फिरायचे आणि सुईला घाबरणाऱ्या धडधाकट पुरुषांना त्यांच्या बायकांसमोर लाजवायचे. पुढे वयामुळे त्यांचंच रक्त घेईनात, तर त्या डॉक्टरशीही त्यांनी दुश्मनी धरली.

पण त्यांची सगळ्यात मोठी दुश्मनी म्हणजे अभ्यासिका. कारखान्यातले साहेब एकदा सहज बोलून गेले, "तुमच्या डोंगरावरची पोरं शिकून काय दिवे लावणार?" तळमजल्याच्या खोलीत मंडळाचे बांबू नि मखरं पडलेली असत. काकांनी अख्ख्या मंडळाशी वाकडं घेऊन ती खोली रिकामी करवली, बाकं मिळवली, ट्यूबलाइट लावल्या. कामावरून आले की चहा पिऊन तिथे जाऊन बसायचे. ज्याला हिशेब अडेल त्याला हिशेब शिकवायचे, नाहीतर नुसते शांतता राखत बसायचे. आमच्या घरात टीव्ही बंद होत नसे. माझं नर्सिंग त्या खोलीत झालं. तिथून कुणी शिक्षक झालं, कुणी पोलिसात गेलं. कुणीही पास झालं की काका साहेबांच्या केबिनमध्ये पेढे घेऊन हजर. साहेबांना डायबेटिस झाला तरी पेढे थांबले नाहीत.

त्याच खोलीत आमचे हल्लीचे अध्यक्षही शिकले. त्याचं नाव मी लिहिणार नाही, तेवढाही मान त्याला माझ्या हातून मिळायचा नाही. त्याचे वडील दारूपायी घर विसरले होते. काका त्याला अभ्यासिकेतून थेट घरी जेवायला न्यायचे. काकींच्या हातचं खाऊन तो बारावी झाला, कंत्राटं घेऊ लागला, गाडी घेतली, आणि चाळीचा पुनर्विकास निघाला तेव्हा कमिटीचा अध्यक्ष झाला. अध्यक्ष झाल्यावर त्याने पहिलं काम काय केलं, तर अभ्यासिका बिल्डरला ऑफिससाठी दिली. बाकं बाहेर आली आणि आत सोफा, एसी आणि काचेखाली टॉवरचं मॉडेल गेलं. पोरं जिन्यात बसून अभ्यास करायला लागली.

सभेत काका उठले. "टॉवर होईल तेव्हा होईल. तोवर पोरांनी काय करायचं?" एवढंच त्यांनी विचारलं होतं. अध्यक्षाने त्यांच्या हातातून माइक काढून घेतला. "काका, तुमचं वय झालं ना आता. बसा." पुढच्या रांगेतले काहीजण हसले. कोण हसलं ते मला तोंडपाठ आहे.

काका बसले. त्यांनी चष्मा काढला, पुसला. मी शेजारीच होते, ते शब्द ऐकायला अगदी कान देऊन बसले होते. काका काही बोलले नाहीत.

मी त्यांच्या घरी जाऊन भांडले. "काका, म्हणा ना. त्या क्लार्कला म्हणालात, साहेबांना म्हणालात. हा तर आपला आहे."

"म्हणूनच जमत नाही गं," काका म्हणाले. "परक्याला बघून घेता येतं. ह्याला मी माझ्या ताटाशेजारी बसवून जेवू घातलंय."

त्यानंतर त्यांनी कुणाशीच दुश्मनी केली नाही. वॉर्ड ऑफिसला जाणं सुटलं, शिबिर दुसऱ्यांनी कसंबसं उरकलं. राग गेला तसा माणूसच खचला. परीक्षांच्या दिवसांत, दुपारी पडल्या पडल्या काका गेले. डॉक्टरांनी हृदय म्हणून लिहिलं. मी नर्स आहे, मला ते कळतं. पण माइक कुणी ओढला हेही मला कळतं.

अध्यक्षाने शोकसभा ठेवली. फ्लेक्सवर हात जोडलेला तो स्वतः मोठा, काका कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढे. सभेच्या आधी मी घरोघर फिरून आले. लोकांना सांगायचं काम सोपं होतं: तो काहीही म्हणो, आपण काही करायचं नाही.

काकांच्या मोठ्या केलेल्या फोटोला हार घालून अध्यक्षाने भाषण केलं. मग दुखवट्याचा ठराव मांडला आणि त्यातच घुसडलं, की नव्या टॉवरच्या पार्टी हॉलला काकांचं नाव द्यावं. "अनुमोदन?"

एकही हात वर झाला नाही. सभेत हसलेल्यांचेसुद्धा नाहीत.

"अरे, द्या ना कुणीतरी अनुमोदन. काका होते ते आपले."

काकी उठल्या. त्याला हायसं वाटलं असावं, धावत माइक घेऊन गेला. काकींनी तो बाजूला सारला. "नाव नको माका. पोरांची खोली परत दी."

तो म्हणाला, "काकी, बघू आपण." तेवढ्यावर चाळ उठली. दोन मिनिटांची शांतताही न पाळता खुर्च्या सरकवून सगळे निघून गेले. मला बरं वाटलं. पोटभर बरं वाटलं, खोटं कशाला सांगू?

घरी पोचल्यावर लक्षात आलं, की त्याला एकटं पाडायच्या नादात काकांचा फोटो आम्ही त्याच्याचपाशी ठेवून आलो होतो. मी उलट पावली गेले. मांडवात कुणी नव्हतं. अध्यक्ष फोटोसमोर मान खाली घालून, ताठ उभा होता. एकटाच शांतता पाळत होता. गाल ओले होते. हे लिहिलं नाही तर काकांना आवडणार नाही, म्हणून लिहिलं.

त्याचं होईपर्यंत मी थांबले. मग हार काढून ठेवला आणि फोटो उचलला.

"ताई, हा मला द्याल? घरी लावतो."

"खोली दे, फोटो ने," मी म्हणाले.

फोटो माझ्या घरी आहे. काकींकडे ठेवला असता तर त्यांनी त्याला चहा पाजून कधीच देऊन टाकला असता. तो दोनदा येऊन गेला. दारातच उभा राहून फोटोकडे बघतो, मी आत ये म्हणत नाही. खाली एसी चालू आहे, पोरं जिन्यात आहेत. त्याने पुन्हा यावं. मी घरीच असते.