डावीकडे झुकणारी खुर्ची

नागोयाच्या ऑफिसात माझ्या शेजारी एक सव्वाशे किलोचा पहिलवान बसायचा. कंपनीच्या रग्बी टीममधला. दुपारपर्यंत आमच्यासारख्याच एक्सेलशीट भरायच्या आणि जेवण झालं की मैदानावर पळायचं, असा त्याचा दिनक्रम. मी त्याला ‘हाफडे-सान’ म्हणून चिडवायचो. तो गोड हसायचा आणि माझ्या डब्यातली पोळी उचलायचा.

एकदा मात्र फारच गंभीर चेहऱ्यानं आला. टीमनं त्याला विचारलं होतं, नोकरी सोडून फक्त खेळशील का? दर वर्षी नवा करार. आमच्या कंपनीतून असा प्रो होणारा तो पहिलाच ठरणार होता. बॉसनं तोंड पाडलं होतं, सासूनं रडून घेतलं होतं. इथे पर्मनंट नोकरी सोडली की डोकं फिरलंय असंच लोक समजतात. अख्ख्या मजल्यावर वर्षाच्या करारावर मी एकटाच, म्हणून मला विचारायला आला.

"तुम्हाला झोप कशी लागते हो?"

"मस्त लागते! नऊ वर्षं झाली. मार करारावर शिक्का! एवढा धिप्पाड गडी आणि घाबरतोस काय?"

काय ती माझी ऐट! खरं तर दर मार्चमध्ये करार संपत आला की मी रात्रभर कूस बदलत राहायचो आणि बायको व्हिसाची तारीख बघत बसायची. पण सल्ला द्यायला आपलं काय जातं? त्यानं शिक्का मारला.

महिन्याभरात कंपनीनं त्याची जागा मला देऊ केली. पर्मनंट, टेबलखुर्चीसकट. मी क्षणभरही विचार केला नाही हो! त्याला मात्र कळवलं नाही. लाज वाटत होती.

तीन सीझन तो खेळला. मग गुडघा गेला आणि करार संपला. आता सासऱ्यांच्या टोफूच्या दुकानात काम करणार होता. त्याला निरोप द्यायला सगळं ऑफिस मैदानावर गेलं. तो लंगडत माझ्यापाशी आला आणि कमरेत वाकून म्हणाला, "तुमच्यामुळे खेळलो."

"माफ कर रे," मी म्हणालो. "तेव्हा खोटं बोललो मी. आणि तुझ्या जागेवर आता..."

"माहीत आहे. खुर्ची अजून डावीकडे झुकते ना? माझ्या वजनानं झालंय ते. दुसरी मागून घ्या."

मी हसलो. तो दोन पावलं गेला आणि वळला. "आणि झोप?"

"लागते," मी म्हणालो. या वेळी खरं सांगितलं, आणि सांगताना मान वर करवली नाही.